दमयंतीच्या टाकीतला हेकरू

माझी बायको दमयंती मासे कापायला बसली की आधी काचेच्या टाकीवरचा पडदा ओढायची. आमच्या घरात स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामध्ये दार नाही, नुसती चौकट आहे. विळी घेऊन ती खाली बसली की समोर टाकी दिसते. म्हणजे टाकीतल्या माशांनाही ती दिसत असणार. "त्यांना कशाला दाखवायचं," म्हणायची. मी हसायचो. बोईसरच्या बाजारात अर्धं आयुष्य मासे कापून विकले, आणि आता चार रंगीत माशांची लाज वाटते, असं चिडवायचो. ती म्हणायची, "लाज नाय. पण घरातल्यांसमोर नको."

त्या माशांना ती घरातले म्हणायची.

ती गेली त्या सकाळी काहीच वेगळं नव्हतं. चहा झाला. तिने फ्रीजमधली कोलंबी काढली, बारीक चिरली, टाकीत घातली. मग टाकीकडे बघून काहीतरी बोलली. मी पेपर वाचत होतो, मला ऐकू आलं नाही. "काय गं?" म्हटलं. उत्तर आलं नाही. मान वर केली तर ती टाकीच्या स्टँडला टेकून खाली बसली होती. बोटं ओली होती. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. तिला हृदयाचं काहीच नव्हतं. तिला गुडघ्यांचं होतं. आम्ही गुडघ्यांच्या गोळ्या आणायचो.

मला ते अजून खरं वाटत नाही. एवढंच लिहितो. त्यावर जास्त लिहिता येत नाही.

मी मूळचा मनोरच्या पलीकडचा, डोंगराच्या बाजूचा. आमच्याकडे मासा म्हणजे ओढ्यातला, तोही पाऊस असेपर्यंत. तारापूरच्या कारखान्यात बॉयलरवर नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झालो. दमयंती सातपाटीची. वडिलांची होडी होती, आता तिचा धाकटा भाऊ पुंडलिक चालवतो. गुडघे गेल्यावर तिला बाजारात बसणं जमेना. घरात नुसती बसून ती सुकायला लागली. तेव्हा आमच्या मुलीने, उन्नतीने, ही टाकी आणून दिली. उन्नती औषधांच्या कंपनीत प्रयोगशाळेत काम करते, लग्नानंतर पालघरला राहते. तिच्या ऑफिसात अशी खाऱ्या पाण्याची टाकी होती, आत प्रवाळ, रंगीत मासे. आईला समुद्र घरात आणून देते, म्हणाली.

पहिल्याच दिवशी गंमत झाली. दमयंतीने पुंडलिकला फोन करून सातपाटीच्या किनाऱ्यावरून पाण्याचे कॅन मागवले. टाकीचं दुकान चालवणारा मिथुन तेव्हा टाकी बसवायला आला होता. तो म्हणाला, "मावशी, हे पाणी नाही चालणार. गढूळ आहे, यात प्रवाळ मरतील. माझ्याकडे पाकीट मिळतं. गोड्या पाण्यात ते मीठ कालवायचं."

दमयंती त्याच्याकडे बघतच राहिली. "सातपाटीची मी. अन् समुद्र पाकिटातून विकत घेऊ?"

"घ्यावा लागेल."

"पुंडल्या, ने रे बाबा तुझं पाणी परत. हितं समुद्रपण दुकानात भेटतो."

त्यानंतर मासे निवडायला ती स्वतः मिथुनच्या दुकानात जायची. मी सोबत. तिचं मासे निवडणं म्हणजे एक कामच असायचं. स्टूल मागून घ्यायची, काचेसमोर बसायची, आणि रंग सोडून आधी तोंड बघायची. "ज्याच्या तोंडात दुसरा मावतो, ते दोघं एका घरात नको," हा तिचा पहिला नियम. मिथुन म्हणायचा, "बरोबर आहे मावशी, पुस्तकातही हेच लिहिलंय." ती म्हणायची, "पुस्तकवाला आमच्या बाजारात येऊन गेला असंल."

एकदा तिला पिवळा-पांढरा, चपटा, चोचीसारख्या तोंडाचा एक मासा आवडला.

"तो नको," मिथुन म्हणाला. "दिसायला छान आहे, पण प्रवाळ कुरतडून खातो."

"म्हणजे घर खाणारा."

"हो."

"मग राहू दे तुझ्याकडंच. तुझं दुकान मोठं हाय, पुरंल त्याला."

निळे मासे तिला दोन हवे होते. मिथुनने एकच दिला. दोघे एकाच आकाराचे, एकच खाणारे, जागेवरून एकमेकांना मारतील, असं म्हणाला. दमयंतीला ते लगेच पटलं. "दोन पापलेटवाल्या शेजारी बसवल्या का दुपारपर्यंत झिंज्या हातात. पापलेटवालीच्या बाजूला सुकटवाली बसवायची. दोघींचं गिऱ्हाईक वेगळं." मग तिने विचारलं, नवा मासा आत सोडला की जुने मारतात का? मिथुन म्हणाला, मारतात, म्हणून गरीब मासे आधी सोडायचे आणि दांडगे शेवटी. "बघा," ती मला म्हणाली, "सगळा बाजारच हाय."

"आणि नवरा-बायको कसे निवडायचे?" मी विचारलं.

"तिथं तोंड बघून उपेग नाय. तिथं कान बघायचे. तुमचे मोठे हायेत म्हणून घेतले."

मिथुन एवढा हसला की त्याच्या हातातली पिशवी खाली पडली.

अशी ती टाकी भरली. जोकर माशांची एक जोडी, नारिंगी. एक निळा. आणि सगळ्यांत शेवटी, ती जायच्या थोडे दिवस आधी, एक बोटाएवढा पिवळाधमक बारीक मासा. मिथुनने त्याचं इंग्रजी नाव सांगितलं होतं, दमयंती त्याला पिवळी म्हणायची. संध्याकाळी टाकीचा दिवा आपोआप बंद होतो. त्याच्या थोडं आधी ती आतून मला ओरडून सांगायची, "गेली हो पिवळी झोपायला." कुठे जायची, ते मी कधी उठून बघितलं नाही. सकाळी दिवा लागला की असायची.

दमयंती गेल्यावर उन्नती म्हणाली, "बाबा, टाकी मिथुनला देऊन टाकू या. तुम्हाला झेपायची नाही. पाणी बदला, मीठ मोजा, आणि एखादा मासा मेला तर तुम्ही पुन्हा खचाल."

मी म्हटलं, "पिवळी तिने शेवटची निवडून आणलीय. ती जिवंत आहे तोवर टाकी इथेच."

हट्टाने नव्हतो बोललो. बॉयलरवर असताना मला आवाजावरून कळायचं, कुठे काय बिघडतंय. घरात दमयंतीजवळ असूनही काही कळलं नाही. आता ज्या एका जिवाची काळजी घेणं माझ्या हातात होतं, ती पिवळी होती. रोज कोलंबी चिरायचो, तिच्यासारखी बारीक होत नसे. पाणी बघायचो. आमच्या इमारतीचा वॉचमन बिहारचा आहे, तो रोज विचारायचा, "काका, आंटी की मछली ठीक है?" मी म्हणायचो, "ठीक है." त्या दिवसांत तेवढंच उत्तर मी खात्रीने देऊ शकायचो.

दमयंतीचा मोबाईल टाकीच्या स्टँडवरच असायचा, कारण चार्जरचा प्लग तिथे आहे. बाजारातल्या गोंगाटात कळावं म्हणून तिने तो असा करून घेतला होता की वाजताना थरथरायचाही. तो मी तिथेच ठेवला. उतरला की चार्जिंगला लावतो. का लावतो ते मला विचारू नका.

तेराव्याला गोडाचं जेवण झालं. त्यानंतर माहेरच्यांनी मासळी आणायची, सुतकाच्या घरात शिजवायची आणि घरातल्या माणसाचं तोंड तिखट करायचं, अशी आमच्याकडे रीत आहे. म्हणजे तिच्याकडे. माझ्याकडेही आता तीच. पुंडलिक आणि त्याची बायको रखमा पापलेट घेऊन आले. रखमाने कालवण केलं. मी घास घेतला आणि तो खाली जाईना. परत ताटात ठेवला. रखमा रडायला लागली. पुंडलिक म्हणाला, "भावोजी, जबरदस्ती नाय. पण तुमी तोंड तिखट केल्याशिवाय हे घर मोकळं नाय व्हायचं." मी म्हटलं, बघू. नंतर मी वरण-भातावरच राहिलो. मासळीचा वास आला तरी मला तिची ओली बोटं दिसायची.

मग एका शनिवारी दुपारी पुंडलिक एकटाच मोटरसायकलवरून आला. मागे दुधाचा कॅन बांधलेला, त्यात बॅटरीवरचा हवेचा पंप. मला वाटलं जिवंत खेकडे असतील. झाकण उघडलं तर आत तळहाताएवढा एक मासा. तपकिरी, अंगावर ठिपके, डोळे वर फिरवून माझ्याकडे बघत होता.

"हेकरू," पुंडलिक म्हणाला. "किनाऱ्याच्या खडपातलं पिल्लू हाय. ओहोटीला डबक्यात गावलं. ताईच्या टाकीत सोडायला आणलाय."

मी आधी तोंड बघितलं. तोंड मोठं होतं. मिटलेलं असतानाही मोठं दिसत होतं.

"पुंडलिक, हा बाकीच्यांना खाईल रे."

"नाय खात. आमच्या जाळ्यात हेकरू अन् बारकी मासळी एकाच टायमाला येते. शेजारी हायेत ते एकमेकांचे. भांडत असते तर एका जाळ्यात आले असते का?"

मी डोंगराकडचा. समुद्रात कोण कोणाचा शेजारी, हे मी त्याला काय सांगणार? आणि तो एवढ्या लांबून कॅन सांभाळत आला होता. रस्त्यात पंप बंद पडला म्हणून पालघरला थांबून बॅटरी बदलली होती त्याने. कपडे खाऱ्या पाण्याने भिजलेले.

"ताईच्या घरात सगळे लांबचे," तो म्हणाला. "कुठल्या देशातले कोणाला म्हाईत. एक तरी आपल्या गावचा असू दे."

मी सोड म्हणालो.

त्याने सावकाश, टाकीतलं पाणी कॅनमध्ये थोडं थोडं घातलं, मग हलकेच हेकरू आत सोडला. तो सरळ खाली गेला आणि मोठ्या दगडाच्या कपारीत शिरून तोंड बाहेर काढून बसला. जोकर माशांची जोडी कोपऱ्यात गेली. निळा वर गेला. पिवळी तेव्हा कुठे होती, ते मी बघितलं नाही. मी पुंडलिकसाठी चहा ठेवायला आत गेलो होतो.

सकाळी दिवा लागला. जोकर होते, निळा होता, हेकरू होता. पिवळी नव्हती.

मी खुर्ची घेऊन समोर बसलो. दगडांच्या मागे बॅटरी मारून बघितली. वरचं झाकण काढून खाली जमिनीवर, स्टँडच्या मागे बघितलं, उडी मारून बाहेर पडली असेल म्हणून. नव्हती. हेकरू कपारीतून बाहेर आला, काचेजवळ आला आणि माझ्याकडे बघायला लागला. मी कोलंबीचा तुकडा टाकला. त्याने तो खाली पडूही दिला नाही. तोंड उघडलं आणि तुकडा नाहीसा झाला. चावला नाही, काही नाही.

रविवार होता, उन्नती येणारच होती. आली, टाकीकडे बघितलं आणि दारातच चप्पल घालून उभी राहिली.

"बाबा, हा काय आहे?"

मी सांगितलं.

तिने मिथुनला फोन लावला आणि फोन स्पीकरवर ठेवला. हेकरू म्हटल्याबरोबर मिथुन म्हणाला, "हेकरू टाकलात? मग मला काय विचारताय काका? तो हातभर वाढतो. पिवळा गेला, आज ना उद्या बाकीचेही जातील. मावशी असत्या तर तोंड बघूनच परत पाठवला असता."

ते वाक्य मला फार लागलं. मीही तोंड बघितलं होतं.

उन्नतीने मामाला फोन करून बोलावलं. मी नको म्हणत होतो. पुंडलिक तासाभरात आला. तो दारात येतो न येतो तोच ती म्हणाली, "मामा, आईने शेवटचा आणलेला मासा तुझ्या माशाने खाल्ला."

"कोण म्हणतंय?"

"दिसत नाहीये तो. कुठे जाईल? टाकी आहे ही, समुद्र नाही."

"तू बघितलंस खाताना?"

"मामा, याचं तोंड बघ! जाळ्यात एकत्र येतात म्हणे. अरे, एकाच्या मागे दुसरा खायला धावत असेल म्हणून एकत्र येतात. एवढी वर्षं होडीवर आहेस, हे नाही सुचलं?"

पुंडलिकचा चेहरा उतरला. इतका मोठा माणूस, लाटांत होडी घालणारा, भाचीसमोर खाली बघत उभा होता. खरंच त्याच्या डोक्यात ते कधी आलं नसावं. मग तो म्हणाला, "खाल्ला असंल तर पोटात असंल. कालचा खाल्लेला आज पुरा जिरत नाय. काढू, फाडून बघू."

"मामा, नको. समुद्रात नेऊन सोड त्याला."

"नाय. माझ्यावर आळ हाय. माझ्या बहिणीच्या घरात आळ हाय. बघायचंच."

दोघांनी माझ्याकडे बघितलं.

मला ती पिवळी हवी होती. मेलेली असली तरी हवी होती. दमयंतीच्या वेळी मला काहीच करता आलं नाही, मी पेपर धरून बसलो होतो. पिवळी निदान हातात यावी, तिला नेऊन समुद्रात सोडावं, एवढंच डोक्यात होतं. आणि मासा काय खाऊन आला ते बघायचं तर पोट फाडायचं, हे त्या घरात नवं नव्हतं. दमयंती प्रत्येक मोठा मासा कापताना पोटाची पिशवी दाबून बघायची आणि सांगायची, "यानं मांदेली खाल्लीय," "याच्या पोटात करंदी हाय."

मी म्हटलं, "काढ."

त्याला पकडायला जाळीसुद्धा लागली नाही. पुंडलिकने कोलंबीचा तुकडा बोटात धरून पाण्यात हात घातला, तर हेकरू आपणहून हाताशी आला. एका दिवसात हात ओळखायला लागला होता. पुंडलिकने तो दुसऱ्या हाताने खालून उचलला. उन्नती तोंड फिरवून खिडकीशी गेली.

मी टाकीवरचा पडदा ओढला. दमयंती गेल्यावर पहिल्यांदाच.

विळी मी घेतली. पुंडलिक म्हणाला, "द्या हिकडं, तुमाला नाय जमायचं." मी दिली नाही. घरात कधी मी मासा कापला नव्हता. तिला बघून बघून मला कळलं होतं कुठे धरायचं. पहिल्यांदा पातं सटकलं, मग गेलं. पोटाची पिशवी पुंडलिकने बोटाने सोडवली आणि ताटलीत ठेवली. मी ती चिरली.

आत कोलंबीचा तुकडा होता. सकाळी मी टाकलेला, ओबडधोबड कापलेला. मला तो ओळखता आला. दुसरं काही नव्हतं. पुंडलिकने पिशवी उलटी केली, आतडं दाबून बघितलं. एक खवला नाही, एक काटा नाही.

"नाय," तो म्हणाला. "नाय खाल्ली यानं."

मी ताटलीकडे बघत राहिलो. उन्नती खिडकीशीच उभी राहून म्हणाली, "मग पिवळी कुठे आहे?" हेकराचं तोंड उघडंच राहिलं होतं. आम्ही तिघांनी मिळून, भर दुपारी, घरात ठेवलेला एक जीव त्याच्या पोटात काय आहे हे बघायला मारला होता, आणि त्याच्या पोटात फक्त मी दिलेला घास होता.

पुंडलिक तिथेच खाली बसला, भिंतीला टेकून. मग म्हणाला, "भावोजी, एक सांगायचं राहिलं. हा मासा माझ्या मनानं नव्हता आणला."

"म्हणजे?"

"ताईनं मागितला होता. जायच्या आधी, त्याच आठवड्यात. फोन केला होता तिनं. म्हणाली, पुंडल्या, आपल्या घराच्या मागच्या खडपात लहानपणी आपण हेकराची पिल्लं धरायचो बघ, डब्यात ठेवून परत सोडायचो. तसलं एक आण मला. मी म्हटलं, ताई, तो मोठा झाला का खाईल बाकीच्यांना. ती म्हणाली, मोठा व्हायला लागला का तू परत नेऊन सोड. तवर राहू दे माझ्याजवळ. पोटभर घातलं का नाय खात तो कोणाला."

मी म्हटलं, "कालच का नाही सांगितलंस?"

"तिचं नाव काढलं का तुमी कसे होता ते बघितलंय ना मी. म्हटलं मासा राहील टाकीत, मग कधीतरी सांगू. ते जाळ्याचं पण मीच लावलं. तुमी हो म्हणावं म्हणून. पण मला ते खरंच वाटत होतं, उन्नती. आईशपथ. जाळ्यातले शेजारीच वाटायचे मला."

उन्नती येऊन त्याच्याजवळ बसली. तिने मामाच्या खांद्यावर हात ठेवला. "मला काय माहीत, मामा," एवढंच म्हणाली, आणि मग मोठ्याने रडायला लागली.

मी तसाच विळीसमोर बसून होतो. मला वाटत होतं की दमयंतीने शेवटचं जे मागितलं होतं ते दारात आलं, आणि मी ते कापलं. पेपरवरून मान वर करून बघावं तसं पुन्हा झालं. पुन्हा उशीर.

किती वेळ गेला कोण जाणे. पुंडलिक उठला. त्याने हेकरू धुतला, खवले काढले, तीन तुकडे केले. टाकून देणं त्याला सुचलंही नसतं. सातपाटीत धरलेला मासा कोणी फेकत नाही. उन्नतीने डोळे पुसले आणि कपाटातून आईचा मसाला काढला. त्या बरणीत दमयंतीने दळून आणलेला मसाला अजून होता. तव्यावर तुकडे पडले, वास आला. मला ओली बोटं दिसली. पण या वेळी त्या बोटांना मसाला लागलेला होता, बाजारातून येऊन ती घाईघाईने तव्याशी उभी राहायची तसा.

सकाळच्या तांदळाच्या भाकऱ्या होत्या. तिघांच्या ताटात एकेक तुकडा आला, तोही लहान. पुंडलिकने आधी माझ्याकडे बघितलं. मी घास तोंडात घातला.

गिळला गेला. चव चांगली होती. गोडसर, घट्ट मांस. मी दुसरा घास घेतला, काटे चोखले, भाकरीने ताट पुसलं. मला भूक लागली होती. मला भूक लागलीय, आणि तीही याची, या गोष्टीने मी इतका हादरलो की हातातला भाकरीचा तुकडा तसाच धरून बसलो. तोंड तिखट झालं, असं पुंडलिक म्हणू शकला असता. त्याने फक्त स्वतःच्या तुकड्यातला अर्धा माझ्या ताटात ठेवला.

जेवण झाल्यावर हात धुऊन मी टाकीवरचा पडदा सरकवला. दमयंतीही सगळं आवरून झालं की मगच सरकवायची.

पिवळी समोर होती.

वाळूच्या थोडी वर, दगडासमोर, नेहमीच्या जागी. इकडून तिकडे फिरत होती, जशी काही कुठे गेलीच नव्हती. अंगावर एक ओरखडा नाही.

उन्नती ओरडली, "बाबा!" पुंडलिक ओल्या हातांनी धावत आला, आणि काचेला नाक लावून उभा राहिला. आम्ही तिघे एका ओळीत उभे होतो. जोकर होते, निळा होता, पिवळी होती. दगडाची कपार रिकामी होती.

"कुठे होती ही?" उन्नती म्हणाली. "मी सगळं बघितलं. तुम्ही बघितलंत. कुठे होती?"

पुंडलिक हसायला लागला. हसता हसता त्याचे डोळे भरले. "ताई म्हणाली होती, पोटभर घातलं का नाय खात," तो म्हणाला. "बरोबर होतं तिचं. थांब, सांगतो तिला." आणि त्याने खिशातून मोबाईल काढला. अंगठ्याने नंबर दाबला.

तो काय करतोय ते आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आलं नाही. त्याच्याही नाही.

टाकीच्या स्टँडवर दमयंतीचा फोन वाजला. वाजला आणि थरथरला, लाकडावर घरघर करत. काच हलली. पाण्यावर बारीक लहरी उठल्या. जोकर मागे गेले. आणि पिवळीने डोकं खाली केलं, शेपूट एकदा मारली आणि आमच्या तिघांच्या डोळ्यांदेखत वाळूत शिरली. सगळीच्या सगळी. थोडीशी वाळू वर उडाली आणि परत खाली बसली. मागे काही राहिलं नाही, सपाट पांढरी वाळू.

मग मला आठवलं, दमयंती आतून ओरडायची ते. गेली हो पिवळी झोपायला.

पुंडलिक मोबाईल कानाला लावून तसाच उभा होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. बंद करायचं त्याला सुचेना, मलाही उचलायचं सुचेना. फोन वाजत होता, त्यावर पुंडलिकचं नाव दिसत होतं, तिने ठेवलेलं, पुंडल्या असं. उन्नतीने माझा हात घट्ट धरला. आम्ही तिघे वाळूतल्या त्या जागेकडे बघत उभे राहिलो, आणि वाजून वाजून फोन आपणहून बंद झाला.